दफ्तराचा रुमाल ते क्लाउडमधील मेटाडेटा : मोडी कागदांच्या वर्णनाचा प्रश्न

ऐतिहासिक कागद टिकणे आणि तो सापडण्याजोगा राहणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. पहिली वाळवी, ओल आणि आग यांच्यावर अवलंबून असते. दुसरी कागदाविषयी कोणी काय लिहून ठेवले आहे, यावर. मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांविषयी आपल्याकडे जी चर्चा झाली, ती बहुतांशी पहिल्या गोष्टीची झाली. वि. का. राजवाडे यांच्या पिढीपुढचा तातडीचा प्रश्न वाड्यांच्या माळ्यांवरून कागद वाचवण्याचा असल्यामुळे ते स्वाभाविकही होते. आज मात्र मोडी कागदांच्या प्रतिमा मोठ्या संख्येने तयार होत आहेत आणि दूरस्थ संगणकांवर, म्हणजे ज्याला आपण क्लाउड म्हणतो तेथे, साठवल्या जात आहेत. अशा वेळी दुसरी गोष्ट निर्णायक ठरते. क्लाउडमध्ये फाइलीला स्वतःची अशी जागा नसते; तिच्याविषयी केलेली नोंद हाच तिचा पत्ता असतो. ही नोंद, म्हणजे मेटाडेटा, आपल्या गरजेनुसार घडवण्याची मुभा या व्यवस्थेत आहे. ती मुभा कशी वापरावी हे ठरवताना मराठी दफ्तराच्या जुन्या वर्णनपद्धतीकडून काय घेता येईल, याचा विचार प्रस्तुत निबंधात केला आहे.

१. दफ्तरातील वर्णन

पेशव्यांच्या हुजूर दफ्तराचे चालते दफ्तर आणि एकबेरीज दफ्तर असे दोन मुख्य विभाग होते. चालते दफ्तर फडणिसांच्या देखरेखीखाली असे. एकबेरीज दफ्तर पुण्यात राही. तेथे निरनिराळ्या हिशेबांना एक रूप देऊन ते वर्गवार लावले जात आणि त्यांवरून तर्जुमे व खतावण्या तयार होत. आजच्या भाषेत सांगायचे तर चालत्या दफ्तरात मूळ नोंद होई आणि एकबेरीज दफ्तरात नोंदीवरची नोंद होई. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात ही शिस्त ढिली पडली. तरी तिच्या मागे असलेली जाण कागदांवरून स्पष्ट दिसते.

ही जाण एकेका कागदातही आढळते. पत्राचा मायना पाठवणारा व घेणारा यांचे परस्परनाते सांगतो. अखेरीस येणारा 'मोर्तब सूद' हा शिक्का मजकूर येथे संपला, यापुढे कोणी काही जोडू नये, असे बजावतो. सनदेच्या पाठीवर 'सुरू सूद', 'बार सूद' यांसारखे शेरे आढळतात. कागद दफ्तरातून रीतसर गेला व नोंदवहीत उतरला, याची ती खूण होय. हे शेरे मजकुराचा भाग नाहीत. ते मजकुराविषयीचे निवेदन आहे. त्यांची दोन वैशिष्ट्ये लक्षात ठेवण्याजोगी आहेत. एक, ते अत्यंत त्रोटक आणि ठरीव शब्दांत असतात. कारकुनाला तेथे स्वतःची शब्दकळा वापरण्याची मोकळीक नसे. दोन, कागदावर फक्त खूण असे आणि सविस्तर नोंद वहीत असे. खुणेवरून वहीकडे जाता येई आणि वहीवरून कागदाकडे येता येई.

हे कागद कापडात बांधून ठेवले जात. त्या बांधणीला रुमाल म्हणतात आणि पुण्याच्या पुराभिलेखागारात तोच शब्द आजही चालतो. रुमाल हे केवळ वेष्टन नव्हे. कोणते कागद कोणत्या कागदांशेजारी बांधले गेले, हे त्यावरून कळते, आणि शेजार हाही एक पुरावा असतो. तारीख नसलेल्या पत्राचा काळ पुष्कळदा त्याच रुमालातील इतर पत्रांवरून ठरवावा लागतो.

१८१८ नंतर हे दफ्तर इंग्रजांच्या हाती गेले. १८५२ च्या कायद्यान्वये इनाम कमिशनचे काम सुरू झाल्यावर जमिनींच्या हक्कांची चौकशी हा दफ्तराच्या उपयोगाचा प्रमुख हेतू बनला. ज्या प्रश्नासाठी कागद पाहायचे, त्या प्रश्नाच्या सोयीने त्यांची मांडणी व्हावी, हा प्रकार येथे ठळकपणे दिसतो. इनामदाराचा हक्क तपासणाऱ्याला लढाईच्या बातमीपत्राचे काय होय? वर्णनावर ते करणाऱ्याच्या प्रयोजनाची छाप नेहमीच पडते. म्हणून वर्णन कोणी, केव्हा आणि कशासाठी केले, हेही वर्णनात असले पाहिजे.

२. स्थानाकडून वर्णनाकडे

एकोणिसाव्या शतकात युरोप व अमेरिकेतही हाच प्रश्न दोन दिशांनी सोडवला जात होता. फ्रान्समध्ये १८४१ साली अभिलेखागारांसाठी असे तत्त्व मान्य झाले की, एका कार्यालयातून वा घराण्यातून आलेले कागद एकत्रच ठेवावेत. विषयवार फोडू नयेत. याला उगमतत्त्व म्हणता येईल. ग्रंथालयांत मात्र वेगळे घडले. मेल्विल ड्यूई यांनी १८७६ मध्ये दशांश वर्गीकरण मांडले आणि पुस्तकाचा क्रमांक कपाटातील खणावरून न ठरता विषयावरून ठरू लागला. उगमतत्त्वाने शेजार जपला. विषयवर्गीकरणाने शोध सुलभ केला. दोन्ही एकाच वेळी साधणे मात्र प्रत्यक्ष कागदाच्या बाबतीत शक्य नव्हते, कारण एक कागद एका वेळी एकाच ठिकाणी राहू शकतो.

मराठी साधनांच्या प्रकाशनात ही अडचण पदोपदी जाणवते. गो. स. सरदेसाई यांनी १९३० ते १९३४ या अवधीत पेशवे दफ्तरातील निवडक कागदांचे ४५ खंड प्रसिद्ध केले. एवढ्या अवाढव्य दफ्तरातून इतक्या अल्पावधीत निवड करून ती विषयवार लावणे हे काम अजोड आहे. तरीही छापील खंडाची मर्यादा राहतेच. पानिपत प्रकरणाचे कागद दुसऱ्या खंडात एकत्र केलेले आहेत. पण या विषयावर काम करणाऱ्याला २१ वा आणि २७ वा खंडही पाहावाच लागतो, कारण उत्तरेकडील राजकारणाचे त्या काळातील पुष्कळ कागद तेथे आहेत. एखादे पत्र पानिपताविषयी असते, त्याच वेळी ते कर्जाविषयी असते आणि एखाद्या सरदाराच्या रुसव्याविषयीही असते. ते छापायचे मात्र एकाच खंडात असते.

या कोंडीतून बाहेर पडण्याची वाट दाखवली ती शि. रा. रंगनाथन यांनी. मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल असताना १९३३ मध्ये त्यांनी द्विबिंदू वर्गीकरण प्रसिद्ध केले. आधी सर्व विषयांचा वृक्ष काढायचा आणि मग प्रत्येक पुस्तक त्याच्या एका फांदीवर बसवायचे, ही पद्धत त्यांनी नाकारली. त्याऐवजी विषयाचे पैलू स्वतंत्रपणे नोंदवून ते जोडायचे, अशी ही रीत होती. पुढे त्यांनी हे पैलू पाच मूलभूत गटांत बसवले : व्यक्तिविशेष, द्रव्य, क्रिया, स्थल आणि काल. एका पत्राला 'कोणत्या कपाटात?' असे विचारण्याऐवजी 'कोणाविषयी, कशाविषयी, काय घडले, कोठे, केव्हा?' असे पाच प्रश्न विचारले की ते पत्र पाचही दिशांनी शोधता येते. पुस्तक ठेवण्यासाठी अखेर एक क्रमांक लागेच. त्यामुळे छापील जगात या विचाराची पूर्ण शक्ती प्रकट होऊ शकली नाही. ती प्रकट होण्यास संगणकाची वाट पाहावी लागली.

३. संगणकातील फडताळ आणि त्याचा लोप

गंमत अशी की संगणकाने आरंभी जुनेच फडताळ उचलले. १९६५ मध्ये मल्टिक्स या प्रणालीसाठी फाइलींची उतरंड सुचवली गेली : फोल्डरात फोल्डर, त्यात फाइल. युनिक्सने तीच रचना रूढ केली आणि घरोघरच्या संगणकांत ती आली. फाइल कोठे आहे यावरून ती काय आहे हे ओळखायचे, ही सवय आपल्याला त्यामुळे लागली. तिच्या विरोधातले प्रयत्नही झाले. १९९१ मध्ये मॅसॅच्युसेट्स येथील संशोधकांनी आशयाच्या आधारे फाइल शोधणारी प्रणाली मांडली. नव्वदीच्या दशकात बीओएस या प्रणालीत फाइलीला हवे ते गुणधर्म जोडण्याची आणि त्यांवरून शोध घेण्याची सोय होती. मायक्रोसॉफ्टने अशाच विचाराची विनएफएस ही योजना २००३ मध्ये गाजावाजाने पुढे आणली आणि २००६ मध्ये ती सोडून दिली.

'मेटाडेटा' हा शब्द १९६८ मध्ये फिलिप बॅग्ली यांच्या लेखनात आढळतो. त्याला सामान्य चलन मिळाले ते इंटरनेटच्या प्रसारानंतर. १९९५ च्या मार्च महिन्यात अमेरिकेतील ओहायो राज्यातल्या डब्लिन गावी ग्रंथपाल व संगणकतज्ज्ञ यांची बैठक झाली. त्या बैठकीतून शीर्षक, कर्ता, विषय, दिनांक, भाषा अशा घटकांची सामाईक यादी निघाली. पुढे तिचे १५ घटक स्थिर झाले आणि २००३ मध्ये तिला आंतरराष्ट्रीय मानकाचा दर्जा मिळाला. ही डब्लिन कोअर यादी सर्वांसाठी आहे आणि म्हणूनच कोणासाठीही पुरेशी नाही. मोडी पत्रातील 'दिनांक' या एका शब्दात किती गोष्टी दडलेल्या असतात, ते पुढे पाहू. अशा गरजांसाठी स्वरचित मेटाडेटा लागतो.

तो जोडण्याची सोय क्लाउडने फार मोठ्या प्रमाणावर उपलब्ध करून दिली. ॲमेझॉनची एस-३ ही साठवणसेवा २००६ च्या मार्चमध्ये सुरू झाली. तिच्या मूळ रचनेत फोल्डर नाहीतच. एका पात्रात असंख्य वस्तू असतात आणि प्रत्येकीला एक नाव असते. 'पुणे/रुमाल-१२/००४' असे नाव दिले तर पडद्यावर ते फोल्डरांसारखे दिसते. परंतु त्या तिरप्या रेघा नावातील इतर अक्षरांसारखी अक्षरेच असतात. शतकानुशतके कागदाला असलेले स्थान येथे नाहीसे झाले आहे. ज्याला स्थान नाही त्याला शेजारही नाही. रुमालातला जो पुरावा न बोलता मिळत होता, तो आता लिहून ठेवला नाही तर मिळणारच नाही.

४. स्वरचित वर्णनाची शक्ती आणि तिच्या अटी

या सेवेत प्रत्येक वस्तूबरोबर आपण ठरवलेली शब्दजोडी ठेवता येते : एक नाव आणि त्याचे मूल्य, जसे 'रुमाल' आणि '१२'. मात्र या मुभेला अटी आहेत आणि मराठीच्या दृष्टीने त्या महत्त्वाच्या आहेत.

पहिली अट आकाराची. एस-३ मध्ये वस्तूसोबतच्या स्वरचित मेटाडेटाला एकूण २ किलोबाइटची मर्यादा आहे. युनिकोडच्या प्रचलित संकेतनात देवनागरीचे प्रत्येक चिन्ह, मात्रा व वेलांटीसकट, ३ बाइट घेते. म्हणजे नावे व मूल्ये मिळून सुमारे ६८० चिन्हे मावतात. शिवाय हा मजकूर ज्या शीर्षकांतून पाठवला जातो, त्यांची घडण इंग्रजी अक्षरे गृहीत धरून झालेली असल्याने देवनागरी तेथे संकेतबद्ध करूनच न्यावी लागते. दुसरी अट दुरुस्तीची. एकदा जोडलेला हा मेटाडेटा जागच्या जागी बदलता येत नाही. वस्तूची नवी प्रत करावी लागते. २०१६ पासून उपलब्ध झालेली लेबले बदलता येतात, पण ती एका वस्तूला १० पेक्षा अधिक लावता येत नाहीत. तिसरी अट शोधाची. पात्रातील वस्तूंची साधी यादी मागितली तर नाव, आकार, बदलाची वेळ असे मोजके तपशील येतात. आपण लिहिलेली वर्णने येत नाहीत. त्यांवरून शोध घ्यायचा तर वेगळी सूची लागते. २०२४ च्या डिसेंबरात ॲमेझॉनने मेटाडेटाचे शोधण्याजोगे तक्ते आपोआप तयार करणारी सोय जाहीर केली, यावरूनही ही उणीव किती जाणवत होती ते कळते. चौथी अट सर्वांत दुर्लक्षित आहे : फाइल उतरवून आपल्या संगणकावर घेतली की हा मेटाडेटा सामान्यतः तिच्याबरोबर येत नाही. प्रतिमा येते, वर्णन मागे राहते.

या चारही अटींचा निष्कर्ष एकच निघतो आणि तो मराठी दफ्तराला अपरिचित नाही. वस्तूवर त्रोटक, ठरीव आणि न बदलणारी खूण असावी. सविस्तर वर्णन स्वतंत्र वहीत असावे. आणि दोहोंना जोडणारा क्रमांक पक्का असावा. कागदाच्या पाठीवरचा 'बार' आणि दफ्तरातील नोंदवही यांचे नाते हेच होते. ती वही एखाद्या कंपनीच्या सेवेतच अडकून राहू नये, साध्या तक्त्याच्या रूपात संस्थेजवळही असावी. याखेरीज प्रतिमेच्या फाइलीतच किमान ओळख कोरून ठेवता येते. त्यासाठीचे एक्सएमपी हे मानक २००१ पासून उपलब्ध आहे.

५. मोडी कागदासाठी नोंद कशी असावी

आता दिनांकाकडे वळू. पेशवेकालीन पत्रात 'अर्बा सबैन मया व अलफ' असे वर्ष आढळले तर त्याचा अर्थ चार, सत्तर, शंभर आणि हजार, म्हणजे सुहूर सन ११७४. हे साल मृग नक्षत्रापासून सुरू होते. त्यात ५९९ मिळवले असता ते इसवी सन १७७३ च्या जूनमध्ये सुरू होऊन १७७४ च्या जूनपर्यंत चालते. नारायणराव पेशव्यांचा खून ३० ऑगस्ट १७७३ चा आणि सवाई माधवरावांचा जन्म १८ एप्रिल १७७४ चा. दोन्ही घटना या एकाच सालात येतात. नोंद करणाऱ्याने नुसते '१७७३' लिहिले तर सवाई माधवरावांच्या जन्माच्या वेळचे पत्र आदल्या वर्षात जाऊन पडेल. शिवाय पुष्कळ पत्रांत 'छ' या अक्षराने सुरू होणारा चंद्रमासाचा दिवस असतो, पण वर्ष नसते. म्हणून दिनांकासाठी एक नव्हे, चार रकाने हवेत : कागदावरील मूळ शब्द, त्याचे इसवी रूपांतर, ते निश्चित आहे की अनुमानित, आणि अनुमान कशावरून.

व्यक्तिनामांचेही असेच आहे. 'नाना' एवढीच नोंद केली तर बाळाजी बाजीराव ऊर्फ नानासाहेब पेशवे आणि बाळाजी जनार्दन ऊर्फ नाना फडणीस एकाच चौकटीत येतात. आणि 'बाळाजी' एवढेच लिहिले तरी तीच गत. सदाशिवराव भाऊ कागदात 'भाऊसाहेब' असतात, तर शिक्क्यात वा सहीत सदाशिव चिमणाजी. स्थलनामे तर आपल्या डोळ्यांदेखत बदलतात : औरंगाबादचे छत्रपती संभाजीनगर २०२३ मध्ये झाले आणि अहमदनगरचे अहिल्यानगर २०२४ मध्ये. कागदात आहे ते नाव जसेच्या तसे, आणि शेजारी सर्वांनी मान्य केलेले एक प्रमाण नाव, अशा दोन नोंदी अनिवार्य आहेत. मोकळीक आहे म्हणून प्रत्येकाने आपापली लेबले लावली तर काय होते, हे या शतकाच्या पहिल्या दशकात इंटरनेटवरील लोकवर्गीकरणाच्या प्रयोगांत दिसून आले : एकाच गोष्टीला दहा नावे आणि एकाच नावाखाली दहा गोष्टी. स्वरचित याचा अर्थ स्वैर असा नव्हे. मेटाडेटा संस्थेने स्वतः रचावा, पण त्याची शब्दसूची आधी ठरवून, लिहून आणि प्रसिद्ध करून.

हे महाराष्ट्राबाहेर अधिकच खरे आहे. मराठी कागद केवळ पुण्यात व मुंबईत नाहीत. तंजावरच्या भोसले दरबाराचे मोडी कागद तमिळ प्रदेशात आहेत. कोट्याच्या गुळगुळे घराण्याचे दफ्तर माळव्यात सीतामऊ येथे जतन झाले आहे. बडोदे, इंदूर, ग्वाल्हेर येथील संस्थानी दफ्तरे वेगवेगळ्या राज्यांच्या व्यवस्थांखाली आहेत. हे कागद एका छताखाली आणणे शक्य नाही आणि उगमतत्त्वाच्या दृष्टीने इष्टही नाही. परंतु त्यांची वर्णने एका सूचीत येऊ शकतात. पुण्याहून उत्तरेत गेलेले पत्र एका संग्रहात आणि त्याचे उत्तर दुसऱ्या संग्रहात असेल, तर त्यांची भेट घडवून आणण्याचे सामर्थ्य फक्त सामाईक मेटाडेटात आहे. राष्ट्रीय अभिलेखागाराने २०१५ मध्ये 'अभिलेख पटल' सुरू करून अखिल भारतीय पातळीवर सूची खुली केली. मोडी कागदांसाठी लागणारे खास रकाने मात्र मोडी जाणणाऱ्यांनाच सुचवावे लागतील.

हा प्रश्न केवळ अभ्यासकांच्या सोयीचा नाही. २०२३ मध्ये कुणबी नोंदींच्या शोधासाठी महाराष्ट्र शासनाने निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, तेव्हा जिल्ह्याजिल्ह्यांतील जुने महसुली व शालेय कागद धुंडाळावे लागले आणि मोडी व उर्दू वाचणाऱ्यांची गरज भासली. शे-सव्वाशे वर्षांपूर्वी कोणा कारकुनाने केलेल्या नोंदीवर आज जिवंत माणसांचे दाखले अवलंबून असतात. इनाम कमिशनच्या काळात दफ्तरातील कागदाने एखाद्याची जमीन राहत होती किंवा जात होती. परिस्थिती तत्त्वतः बदललेली नाही.

६. समारोप

वरील विवेचनावरून काही गोष्टी स्पष्ट होतात. कागदाचे स्थान हे त्याचे पहिले वर्णन होते. क्लाउडने ते पुसले, तेव्हा मूळ रुमाल, त्यातील अनुक्रम आणि संग्रह यांची नोंद हा मेटाडेटाचा पहिला रकाना असला पाहिजे. रंगनाथनांना हवे असलेले पैलूनिहाय वर्णन आता खऱ्या अर्थाने शक्य झाले आहे. एकच पत्र पानिपताच्या, कर्जाच्या आणि रुसव्याच्या अशा तिन्ही वाटांनी सापडू शकते. मात्र त्यासाठी शब्दसूचीची शिस्त लागते. आणि ती कोणतेही यंत्र आपल्यासाठी ठरवून देणार नाही. वर्णन करणाऱ्याचे नाव, तारीख आणि खात्रीचे प्रमाण नोंदीत असावे, म्हणजे पुढच्या अभ्यासकाला दुरुस्ती करता येईल.

शेवटचा मुद्दा काळाचा आहे. विसाव्या शतकाच्या मध्यानंतर मोडी शाळांतून गेली. २०१४ मध्ये तिला युनिकोडमध्ये स्थान मिळाले, तरी ती सहज वाचणारी माणसे थोडीच आहेत. छायाचित्रण जलद होते, वाचन सावकाश होते. रुमाल सोडला जातो आणि प्रतिमा घेतली जाते, त्याच वेळी जाणकार शेजारी बसला असेल, तर चार ओळींची नोंद होऊ शकते. तो नसेल, तर अनुक्रमांकापलीकडे काहीही नाव नसलेल्या हजारो प्रतिमा एका पात्रात जमा होतात; त्या कधी नष्ट होत नाहीत आणि कधी सापडतही नाहीत. मराठी विभागांनी मोडीचे अध्यापन आणि वर्णनपद्धतीचे अध्यापन ही दोन वेगळी कामे न मानता एकत्र चालवावीत. कागद वाचू शकणाऱ्या विद्यार्थ्याला त्याची नोंद कशी करावी हेही शिकवले, तरच आज तयार होणाऱ्या प्रतिमा पुढच्या पिढीला दफ्तर म्हणून उपयोगी पडतील.